वेताळ आठवतो, मग ली फॉक का आठवत नाहीत?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जुन्या कॉमिक्सविषयी वृत्तपत्रांच्या रविवार पुरवण्यांतून अधूनमधून जे लेख येतात, ते मी आवर्जून वाचतो. त्या लेखांत मुखवटाधारी वेताळ, म्हणजे मूळचा ‘फँटम’, असतो, त्याची कवटीच्या आकाराची गुहा असते, जादूगार मँड्रेक आणि त्याचा बलदंड मित्र लोथार असतो, इंद्रजाल कॉमिक्सच्या मुखपृष्ठांचे तोंडभरून कौतुक असते. पण या दोन्ही नायकांना ज्यांनी जन्माला घातले आणि साठ वर्षांहून अधिक काळ ज्यांनी त्यांच्या कथा लिहिल्या, त्या ली फॉक यांचे नाव एक तर ओझरते येते किंवा येतच नाही. कादंबरीवर लिहिताना कादंबरीकाराचे नाव गाळण्याचा विचारही कोणी करणार नाही. कॉमिक्सच्या लेखकाच्या वाट्याला मात्र ही उपेक्षा सर्रास येते, आणि फॉक यांच्या बाबतीत ती मला विशेष खटकते, कारण वेताळाच्या कथांमधले जे आपल्या मनात घर करून राहिले आहे ते बहुतांशी त्यांच्या लेखणीतून उतरलेले आहे. त्यांच्या या कामाविषयी चार शब्द लिहावेत म्हणून हा पत्रप्रपंच.

फॉक यांचा जन्म २८ एप्रिल १९११ रोजी अमेरिकेतील सेंट लुईस येथे झाला. मँड्रेकची कल्पना त्यांना विद्यार्थिदशेतच सुचली होती. सुरुवातीच्या चित्रपट्ट्या त्यांनी स्वतः काढल्या आणि नंतर चित्रांचे काम फिल डेव्हिस यांच्याकडे सोपवले. ११ जून १९३४ रोजी मँड्रेक वृत्तपत्रांतून प्रसिद्ध होऊ लागला, तेव्हा त्याचा लेखक २३ वर्षांचा होता. त्यानंतर १७ फेब्रुवारी १९३६ रोजी वेताळ आला. सुपरमॅनचे आगमन १९३८ सालचे आहे, हे लक्षात घेतले म्हणजे अंगाबरोबर बसणारा पोशाख, चेहऱ्यावर मुखवटा आणि त्यामागे बुबुळे न दिसणारे पांढरे डोळे ही जी प्रतिमा पुढे जगभरच्या कॉमिक्समध्ये रूढ झाली, तिच्या उगमाशी फॉक कसे उभे आहेत हे कळते. डोळ्यांची कल्पना आपण ग्रीक पुतळ्यांवरून घेतली, असे ते सांगत.

परंतु पोशाख ही त्यांची सर्वांत मोठी करामत नव्हे. मला त्यांची खरी प्रतिभा दिसते ती घराण्याच्या कल्पनेत. सोळाव्या शतकात चाच्यांच्या हल्ल्यातून वाचलेला एक तरुण किनाऱ्याला लागतो, आपल्या पित्याचा वध करणाऱ्याच्या कवटीवर हात ठेवून चाचेगिरी, लोभ, क्रौर्य आणि अन्याय यांच्याविरुद्ध लढण्याची शपथ घेतो आणि त्या शपथेत आपल्या मुलालाच नव्हे तर मुलाच्या मुलालाही बांधून टाकतो. बाप गेला की मुलगा तोच पोशाख अंगावर चढवतो, तीच कवटीची अंगठी बोटात घालतो आणि गादी चालवतो. जंगलाला वाटते की हा एकच माणूस आहे आणि त्याला मरण नाही. आपल्याला, म्हणजे वाचकाला, मात्र ठाऊक असते की हा एकविसावा आहे, याच्या आधीचे वीस जण गुहेतल्या थडग्यांत विसावले आहेत आणि एका नेमक्या गोळीने यालाही त्यांच्या शेजारी जावे लागेल.

या एका कल्पनेने लेखकाला किती दारे उघडून दिली आहेत ते पाहावे. खलनायक भितात कारण त्यांना सत्य माहीत नाही. आपण धास्तावतो कारण आपल्याला ते माहीत आहे. एकाच प्रसंगात दोन वेगवेगळ्या भीती अशा समोरासमोर उभ्या करणे सोपे नसते. शिवाय प्रत्येक वेताळाने आपल्या काळातील हकिकती जाड बखरींमध्ये लिहून ठेवल्या असल्यामुळे फॉक यांना कोणत्याही शतकात जाता येई. आजच्या वेताळाला एखादा प्रश्न पडावा, त्याने गुहेतील फळीवरून एखादा जुना खंड काढावा आणि आपण थेट तीनशे वर्षे मागे जावे, तिथे दुसराच वेताळ, दुसराच शत्रू, आणि तरीही शपथ तीच. या सगळ्यात एक दुःखही आहे. या घराण्यातील मुलाला आपले आयुष्य निवडता येत नाही. तो शिकण्यासाठी दूर देशी जातो, तिथे त्याला खेळात, विद्येत नाव मिळवण्याची संधी असते, आणि मग एक दिवस निरोप येतो की वडील अखेरच्या घटका मोजत आहेत. परत यावेच लागते. फॉक यांनी या विषयावर कधी लांबलचक स्वगते लिहिली नाहीत. निरोप, प्रवास, मरणशय्या आणि मग नव्या खांद्यांवर चढलेला जुना पोशाख, एवढ्यावर ते भागवतात, आणि त्यामुळेच ते अधिक भिडते.

विशेष म्हणजे ही कल्पना त्यांच्या मनात आरंभापासून पूर्णपणे तयार नव्हती. पहिल्याच कथेत जिमी वेल्स नावाचा एक श्रीमंत, ऐषारामी तरुण आहे आणि वेताळ म्हणजे वेषांतर केलेला हाच जिमी, असे दाखवण्याचा त्यांचा मूळ बेत होता. कथा वृत्तपत्रांत रोज छापून येत असतानाच त्यांनी तो बेत सोडला आणि कथा जंगलाकडे, त्या जुन्या शपथेकडे वळवली. ते जुने भाग आज सलग वाचताना लेखकाचे मन ज्या ठिकाणी बदलले ती जागा जवळजवळ बोट ठेवून दाखवता येते. श्रीमंत तरुणाचे गुपित ही ठोकळेबाज गोष्ट झाली असती. तिच्या जागी त्यांनी चारशे वर्षांचा इतिहास आणला, तोही मागचे काही खोडण्याची सोय नसताना.

त्यांच्या रचनेतील चोखपणा दाखवण्यासाठी जंगल गस्तीच्या कथांमधली एकच युक्ती सांगतो. या गस्तीदलाचा सर्वोच्च सेनापती कोण आहे हे दलातील कोणालाही माहीत नाही. कर्नलच्या कार्यालयात एक तिजोरी आहे. दिवा लागला की तिजोरी उघडायची, आत लेखी हुकूम असतो. त्याची तामिली करायची आणि उत्तर पुन्हा तिजोरीतच ठेवायचे. कर्नल त्या दिव्याकडे पाहत विचार करतो की बंद खोलीतल्या बंद तिजोरीत कागद येतो तरी कुठून. आपल्याला ते माहीत असते: बाहेरच्या एका जुन्या विहिरीतून निघालेला भुयारी मार्ग थेट त्या तिजोरीच्या तळाशी पोहोचतो आणि वेताळ रात्री त्याच वाटेने येऊन जातो. एक दिवा, एक तिजोरी आणि एक विहीर, एवढ्या सामग्रीवर त्यांनी कितीतरी कथा उभ्या केल्या. शिस्त, निष्ठा आणि न दिसणाऱ्या नेतृत्वावरचा विश्वास हे सगळे त्या तिजोरीच्या दाराशी एकवटते, आणि चित्रकाराला काढायला काय लागते तर एक विचारमग्न चेहरा आणि पेटलेला दिवा. कोणती गोष्ट चित्रावर सोपवायची आणि कोणती शब्दांत सांगायची याची ही जाण मला कॉमिक्स लेखनातली सर्वांत अवघड जाण वाटते.

या कथा मुळात पुस्तकासाठी नव्हे तर दैनिकासाठी लिहिल्या जात, याचाही विचार व्हायला हवा. दैनिकातील पट्टीला तीन-चार चौकटींची जागा असते. कालचा अंक चुकलेल्या वाचकाला पहिल्या चौकटीत आधार द्यायचा, मधल्या चौकटीत कथा पुढे सरकवायची आणि शेवटच्या चौकटीत उद्याच्या अंकाची ओढ लावायची, हे दररोज, सुट्टी न घेता. दैनिकातील कथा आणि रविवारची रंगीत कथा या एकमेकींपासून स्वतंत्र असत, आणि फॉक यांचे नायक दोन होते; म्हणजे एका वेळी चार कथांचे धागे त्यांच्या हाती असत. चित्रकार बदलत गेले. रे मूर, विल्सन मॅकॉय आणि साय बॅरी यांनी वेताळ रेखाटला, डेव्हिस यांच्या निधनानंतर फ्रेड फ्रेडरिक्स यांनी मँड्रेक हाती घेतला, आणि यातील प्रत्येकाच्या रेषेचे मोल मी जाणतो. तरीही इतक्या हातांतून गेल्यावर वेताळ वेताळच राहिला, याचे श्रेय लेखकाचे आहे.

हे करत असताना ते रंगभूमीवरही तितक्याच गंभीरपणे वावरत होते, ही गोष्ट फार थोड्या वाचकांना ठाऊक असावी. त्यांनी नाट्यगृहे चालवली, नाटके लिहिली, दिग्दर्शित केली, शेकडो नाट्यप्रयोगांची निर्मिती केली; मार्लन ब्रँडो, चार्ल्टन हेस्टन, पॉल रॉब्सन यांच्यासारख्या नटांनी त्यांच्या नाटकांत कामे केली. त्यांच्या कॉमिक्समधील संवाद तोंडात बसतात आणि पात्रांची ये-जा इतकी नेटकी असते, त्यामागे ही नाटकाची तालीम असणार असे मला नेहमी वाटते.

फॉक यांच्यावर घेतला जाणारा मुख्य आक्षेप मी टाळू इच्छित नाही. जंगलातल्या काळ्या माणसांचे रक्षण करायला गोरा नायकच का लागतो, हा प्रश्न रास्त आहे. आरंभीचा लोथार बिबट्याचे कातडे पांघरलेला, मोडकेतोडके बोलणारा दाखवला आहे आणि ते पाहताना आज वाईट वाटते. परंतु लेखकाचे मूल्यमापन करताना तो जिथून निघाला ते पाहावे तसेच तो जिथे पोहोचला तेही पाहावे. १९६० च्या दशकात लोथार नीट पोशाखात, नीट बोलणारा, मँड्रेकच्या बरोबरीचा मित्र झाला. वेताळाच्या जंगलाच्या ज्या देशाला आपण डेंकाली म्हणून ओळखतो, तिथे फॉक यांनी लोकांनी निवडून दिलेला राष्ट्राध्यक्ष आणला: लमांडा लुआगा, पेशाने डॉक्टर, आफ्रिकी, सुसंस्कृत आणि धीराचा. सत्ता बळकावू पाहणाऱ्या लष्करशहापासून या लोकनियुक्त अध्यक्षाचा बचाव करणे हे वेताळाचे काम झाले. आफ्रिकेतील अनेक देश नुकतेच स्वतंत्र होत असताना एका अमेरिकन वृत्तपत्री कथामालेने ही बाजू घेतली, हे मला महत्त्वाचे वाटते. आक्षेप त्यामुळे संपूर्ण मिटतो असे मी म्हणत नाही, पण त्यांना केवळ त्या आक्षेपापुरते उरवणे योग्य नाही.

त्यांच्या नायकांच्या नीतीविषयीही सांगितले पाहिजे. वेताळाच्या कमरेला दोन पिस्तुले असतात, पण त्याचा नेम शत्रूच्या हातातल्या शस्त्रावर असतो, छातीवर नव्हे. मँड्रेक तर शस्त्राला सापच करून टाकतो आणि समोरचा ते घाबरून फेकून देतो. कोणाला ठार न करता साहसकथा साठ वर्षे रंगवत ठेवणे हे लेखकाने स्वतःवर घालून घेतलेले कडक बंधन होते. वेताळाच्या कथांतील ईडन बेटाची कल्पनाही याच मनाची आहे. तिथे वाघ, सिंह आणि हरणे एकत्र नांदतात, कारण हिंस्र प्राण्यांना लहानपणापासून मासे खाण्याचीच सवय लावलेली आहे. प्राणिशास्त्राच्या कसोटीवर हे टिकणार नाही, पण मला ते बेट फार प्रिय आहे. नुसते स्वप्न न मांडता वाघाच्या भुकेची सोय काय, याचाही विचार करणारा लेखक मला त्यात दिसतो.

आपल्या पात्रांना वय वाढू देण्यातही त्यांनी घाई केली नाही. वेताळ आणि त्याची प्रेयसी डायना यांचे लग्न १९७७ साली लागले, म्हणजे पहिल्या भेटीनंतर तब्बल ४१ वर्षांनी, आणि पुढे त्यांना किट आणि हेलॉईज ही जुळी झाली. मँड्रेक आणि त्याची प्रेयसी नार्डा यांना तर १९९७ पर्यंत थांबावे लागले. त्यानंतर दोनच वर्षांनी, १३ मार्च १९९९ रोजी, न्यूयॉर्कमध्ये फॉक यांचे निधन झाले. अखेरच्या दिवसांत रुग्णालयात तोंडावरचा प्राणवायूचा मुखवटा काढून ते कथा सांगून लिहवून घेत होते, असे त्यांच्याविषयी सांगितले जाते.

फॉक यांच्या या कथा आपल्याकडे छापणारे इंद्रजाल कॉमिक्स मार्च १९६४ मध्ये सुरू झाले, ते मराठीतही निघत असे आणि १९९० मध्ये बंद पडले. म्हणजे मराठी वाचकांच्या किमान एका संपूर्ण पिढीला क्रमशः कथेची गोडी लावण्यात या लेखकाचा वाटा आहे. मराठी साहित्याच्या चर्चेत अनुवादित रहस्यकथांना आणि विज्ञानकथांना आता जागा मिळू लागली आहे. तशी ती कॉमिक्सच्या लेखकांनाही मिळावी. आपणास माझी विनंती एवढीच आहे की यापुढे आपल्या पुरवणीत वेताळ किंवा मँड्रेक यांच्यावर मजकूर प्रसिद्ध होईल, तेव्हा चित्राखाली चित्रकाराबरोबर ली फॉक यांचेही नाव छापले जावे, आणि एखाद्या अभ्यासू लेखकाकडून त्यांच्या कथारचनेवर सविस्तर लेख लिहवून घ्यावा. जंगल गस्त, बखरी, लुआगा आणि ईडन बेट यांपैकी प्रत्येक विषय स्वतंत्र लेखाला पुरून उरेल.

आपला विश्वासू,
एक वाचक