नोंदणी कचेरीतला वर्णभेद

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या नागरी हक्कांच्या लढ्यावर आपण प्रसिद्ध केलेला लेख वाचला. मोर्चे, भाषणे, पोलिसांची मारहाण हे सारे त्यात यथास्थित आले आहे. मात्र १९६५ च्या मतदान हक्क कायद्याची बोळवण एका ओळीत झाली आहे आणि त्या ओळीवरून या कायद्यानेच कृष्णवर्णीयांना मताधिकार दिला, असा समज होतो. वास्तविक वर्णावरून कोणाचाही मताधिकार नाकारता येणार नाही, असे तेथील पंधराव्या घटनादुरुस्तीने १८७० मध्येच सांगून ठेवले होते. मग मधली पंचाण्णव वर्षे हा हक्क कोठे अडकून पडला होता, हे लेखात यायला हवे होते.

लुइझियाना राज्याच्या मतदारयाद्या पाहिल्या, तर १८९६ मध्ये तेथे १,३०,३३४ कृष्णवर्णीय मतदार होते. १९०४ मध्ये उरले १,३४२. मधल्या काळात, १८९८ मध्ये, राज्याने नवी घटना केली. मतदाराला लिहिता-वाचता यावे किंवा त्याच्या नावे मालमत्ता असावी, अशी अट तिने घातली. पण ज्याचा बाप किंवा आजा १ जानेवारी १८६७ रोजी मतदार होता, त्याला ती माफ केली. त्या तारखेला तेथील कृष्णवर्णीयांना मताधिकारच नसल्यामुळे, वर्णाचा उल्लेखही न करता नेमके कोणाला बाहेर ठेवायचे, ते साधले गेले. ओक्लाहोमातील असेच एक कलम सर्वोच्च न्यायालयाने १९१५ मध्ये रद्द केले, तरी दक्षिणेतील राज्यांत मतदान कर आणि साक्षरता चाचणी कायम राहिली.

या चाचणीची खरी मेख होती ती नोंदणी अधिकाऱ्याच्या मर्जीत. कोणाला कोणते कलम वाचायला द्यायचे आणि त्याने सांगितलेला अर्थ बरोबर मानायचा की नाही, हे तोच ठरवी. मिसिसिपीत कापसाच्या मळ्यावर अठरा वर्षे राबलेल्या फॅनी लू हेमर १९६२ मध्ये नाव नोंदवायला गेल्या, तेव्हा त्यांना राज्यघटनेतील कायद्याच्या एका किचकट संज्ञेवरील कलमाचा अर्थ विचारण्यात आला. त्या नापास झाल्या. वर मळ्याच्या मालकाने ‘अर्ज मागे घे, नाहीतर चालती हो’ असे बजावले आणि त्यांना त्याच रात्री घर सोडावे लागले.

अलाबामातील सेल्मा येथे तर नोंदणीची कचेरी महिन्यातून दोनच सोमवारी उघडत असे. जानेवारी १९६५ मध्ये तेथील शंभराहून अधिक कृष्णवर्णीय शिक्षक, ही कचेरी जेथे होती त्या न्यायालयाच्या पायऱ्यांपर्यंत चालत गेले. तुरुंगात रात्र काढावी लागेल, या तयारीने काहींनी टूथब्रश बरोबर घेतले होते. मुलांना लिहा-वाचायला शिकवणाऱ्यांच्याच साक्षरतेची परीक्षा घेणाऱ्या व्यवस्थेबद्दल आणखी काय लिहावे! मार्चमध्ये सेल्मातील एडमंड पेट्टस पुलावर झालेल्या मारहाणीचे वर्णन लेखात आहे, पण ती माणसे त्या पुलावर का आली होती, हे या कचेरीकडे पाहिल्यावाचून कळत नाही.

१९५७, १९६० आणि १९६४ मध्ये झालेले कायदे याबाबतीत तोकडे पडले, कारण प्रत्येक ठिकाणचा अन्याय केंद्र सरकारला स्वतंत्र खटला भरून सिद्ध करावा लागे. सेल्मा ज्या डॅलस काउंटीत येते, तेथे चार वर्षे खटला चालला. त्यातून कृष्णवर्णीय मतदार १५६ वरून ३८३ झाले. मतदानाच्या वयाचे कृष्णवर्णीय होते सुमारे १५,०००. १९६५ च्या कायद्याने हा क्रमच उलटवला. त्याने भेदभावाचा इतिहास असलेल्या राज्यांतील चाचण्या स्थगित केल्या, केंद्राला आपले नोंदणी अधिकारी पाठवण्याचा अधिकार दिला आणि मतदानाचे नियम बदलण्याआधी त्या राज्यांना केंद्राची किंवा वॉशिंग्टनच्या न्यायालयाची संमती घेणे भाग पाडले. बदल निर्दोष आहे, हे दाखवण्याची जबाबदारी आता राज्यावर आली. मिसिसिपीत पात्र कृष्णवर्णीयांपैकी नोंदणी झालेल्यांचे प्रमाण १९६४ मध्ये ६.७ टक्के होते, ते १९६७ पर्यंत ५९.८ टक्क्यांवर गेले. माणसे तीच होती आणि त्यांचे शिक्षणही तेवढेच होते.

म्हणूनच लेखाचा शेवट १९६५ मध्ये करणे मला पटले नाही. जून २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, परिस्थिती बदलली आहे या कारणास्तव, पाच विरुद्ध चार मतांनी पूर्वसंमतीची राज्ये ठरवणारे कलम रद्द केले. त्यामुळे पूर्वसंमतीची तरतूद कागदावर राहिली, पण ती लावायची कोणाला हेच उरले नाही. त्याच दिवशी टेक्सासने मतदार ओळखपत्राचा अडलेला कायदा लागू करत असल्याचे जाहीर केले. नॉर्थ कॅरोलायनाने त्या वर्षी केलेले निर्बंध २०१६ मध्ये केंद्रीय अपील न्यायालयाने फेटाळले, ते कृष्णवर्णीय मतदारांवर नेम धरूनच आखले होते, असे स्पष्ट नमूद करून. परंतु निकाल लागेपर्यंत मधल्या निवडणुका होऊन गेलेल्या असतात. या विषयावर पुन्हा लेख छापाल, तेव्हा त्याची सुरुवात २०१३ पासून व्हावी, ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक