निवड समितीवर जाण्याआधी

खारघर, नवी मुंबई

चि. सायलीस अनेक आशीर्वाद.

सरकारी आरोग्य संशोधन संस्थेचा संचालक निवडायच्या समितीवर तू आहेस हे कळलं. फोनवर घाईत राहून जाईल, म्हणून लिहितेय.

मी ज्या सरकारी आरोग्य अभ्यासात नोंदी ठेवायचे, तिथे साहेब बदलले की फॉर्म बदलायचे. मग जुन्या नोंदी नव्यांशी जुळेनात. दोन साहेबांच्या मधे कुणाकडे तरी अतिरिक्त कार्यभार असायचा. तो रजेच्या अर्जांवर सही करी, पण घरोघरी जाणाऱ्या कंत्राटी मुलींच्या मुदतवाढीची फाईल तशीच पडून राही. मुली सोडून जात, आणि कुठल्या घरात कोणत्या वेळी बाई भेटते ही माहितीही त्यांच्याबरोबर जाई. ती कुठल्याच रजिस्टरात नसते गं.

आणि हे काम वेळ खातंच. टाटा मेमोरियलने १९९८ मध्ये मुंबईच्या झोपडपट्ट्यांत दीड लाख बायकांचा अभ्यास सुरू केला. अर्ध्या बायकांची दर दोन वर्षांनी हाताने स्तनतपासणी. निष्कर्ष छापून आला २०२१ मध्ये: तपासणी झालेल्या पन्नाशीपुढच्या बायकांत स्तनाच्या कर्करोगाचे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी. या अभ्यासाचे प्रमुख डॉ. इंद्रनील मित्रा इतकी वर्षं त्याच प्रश्नाला धरून राहिले. मधल्या काळात वरच्यांना दाखवायला हातात फारसं काही नसताना अभ्यास चालू ठेवणं, हीच मला संचालकाची खरी परीक्षा वाटते.

म्हणून उमेदवाराचे शोधनिबंध मोजत बसू नका. एकच काम दहा वर्षं सांभाळलंय का, ते विचारा. डॉ. रामलिंगस्वामींनी कांगडा खोऱ्यात गलगंड आणि आयोडीनयुक्त मिठाचं काम वर्षानुवर्षं केलं होतं. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचे (आयसीएमआर) महासंचालक ते त्यानंतर, १९७९ मध्ये झाले.

निवडलेला माणूस टिकवायचं तर पगारात खाजगी हॉस्पिटलांची बरोबरी आपल्याला जमणार नाही. पण पुरेशी मुदत, कंत्राटी पदं भरायचे अधिकार आणि खरेदीची फाईल महिनोन्‌महिने न अडकणं, एवढं तर देता येईल? तुमच्या शिफारशीत हे लेखी मागा. संचालकाच्या हाताखाली दुसरी फळी कोण, हेही पहिल्याच वर्षी ठरलेलं असू दे. निवृत्तीच्या महिन्यात शोधाशोध म्हणजे पुन्हा अतिरिक्त कार्यभारच.

कुणाच्या ओळखीची चिठ्ठी आली तर बाजूला ठेवशील, हे मला माहीत आहे.

रविवारी ठाण्याहून येताना मुलाखतीच्या प्रश्नांचा कच्चा मसुदा आण. बसून वाचू.

तुझी,
आई