संज्या, डाउनी आली बे

नान्नज, 30 नोव्हेंबर

संज्या,

काय बे, जिवंत आहेस का असं विचारायचं तोंड नाही मला, तुझा दिवाळीचा मेसेज अजून तसाच पडलाय, उद्या रिप्लाय देतो उद्या देतो म्हणत गेले दिवस. इकडं सगळे बरे. आप्पांची शुगर चालूय, आईचे गुडघे तसेच. झालं.

आता मूळ गोष्ट. द्राक्षाच्या बागेत डाउनी आली, आप्पांच्या भाषेत केवडा, तीच बुरशी. ती पण फुलोऱ्यात.

नाल्याकडचे खालचे दोन एकर. छाटणीला 40-42 दिवस झालेले, घड असे देखणे निघालेले की मी सकाळचा चहा बागेतच प्यायचो, बायको म्हणायची सवत आणलीय तुम्ही. मग उपसागरात कायतरी झालं आणि इकडं आभाळ भरलं ते हलेचना. शनिवारी रात्री पाऊस, रविवारी परत भुरभुर. शनिवारी दुपारी मॅन्कोझेबचा, बुरशीच्या औषधाचा, एक हात मारून घ्यायचा ठरलेला, पण अक्कलकोटला साडूच्या पोरीची हळद, म्हटलं आल्यावर बघू. आल्यावर काय बघतो, काळं रान, ट्रॅक्टर दुसऱ्याच ओळीत रुतला. मागं तुझाच फवारणीचा ब्लोअर होता, तो पण तिरका होऊन बसला.

गुरुवारी दिसलं. पानावर तेलाचा थेंब सांडल्यासारखे पिवळट डाग. दोन मिनिटं स्वतःलाच फसवलं, म्हटलं मॅग्नेशियम कमी पडलं असंल. मग पान उलटं केलं आणि डागाच्या बरोबर मागं पांढरी लव. भुरी, ती दुसरी बुरशी, असती तर गंधकावर भागलं असतं, ही कुठली ऐकतीय. घडांची टोकं आकड्यासारखी वळलेली, तपकिरी, हात लावला की फुलं तळहातावर.

आप्पा म्हणाले बोर्डो मार. मी म्हटलं उमलत्या फुलावर तांबं मारलं तर उरलेलं पण करपंल. त्यावर जे भांडण झालं ते शेजारच्या वस्तीपर्यंत ऐकू गेलं. मला तुझी ती फ्रान्सची गोष्ट आठवली, रस्त्याकडच्या वेलींवर चोरांनी हात मारू नये म्हणून मोरचूद-चुना शिंपडायचे, त्याच वेलींची पानं टिकली, आणि त्यावरनं त्या मिलार्दे नावाच्या शास्त्रज्ञानं 1885 ला बोर्डो जाहीर केलं. आपण पण डांबरी रस्त्याकडच्या ओळीला निळं पाणी मारून ठेवलेलं, आणि ती ओळ शेवटी तूच खाल्लीस नालायका.

तर काय केलं ते सांगतो. पहाटे पान दवानं ओलं असतानाच मॅन्कोझेबची धुरळणी केली, म्हणजे पावडर चिकटती आणि वरनं अजून पाण्याची भर पडत नाही. तोंडाला फडकं बांधलेलं तरी नखशिखांत पिवळा झालो, बायको म्हणाली अक्कलकोटची हळद इथं लागली का. मग बायका लावून घडाजवळची पानं आणि फेल, म्हणजे बिनघडाच्या, काड्या काढल्या, वारं खेळलं पाहिजे ना आत. डागाळलेली पानं पोत्यात भरून बाहेर नेऊन जाळली. दुकानदारानं तीन बाटल्या एकत्र करून मारायला दिल्या, मी एकच घेतली, ती पण मागच्या वेळच्यापेक्षा वेगळ्या गटातली. तेच ते मारून डाउनीला पचायला लागतं हे तूच ओरडून सांगायचास. पाणी पण तोडलंय निम्मं. वरचा प्लॉट वाचंल. खालचे घड निम्मे गेले असं धर, ऊसाच्या कडेला तर सगळेच. ऊस चुलतभावाचा, त्याला काय बोलणार, पण त्या कडेला दुपारी बारापर्यंत पान वाळत नाही.

हे सगळं तुलाच का लिहितोय ते तुला कळलं असंल.

तुझी बाग गेली त्या साली मी पारावर चार लोकांत म्हटलेलं, संज्यानं फवारणीला कंटाळा केला. तू तिथंच होतास, काय बोलला नाहीस, चप्पल घालून उठून गेलास. मला तेव्हा खरंच तसं वाटलेलं बे. परवा पान उलटं केलं तेव्हा आधी तुझं ते उठून जाणं आठवलं, बँकेचा हप्ता नंतर. आणि खरं सांगू का, तू तर तेव्हा रोज पंप घेऊन बागेतच असायचास. कंटाळा मी केला, हळदीचं जेवण जेवून.

पारावर अजून कुणी काय म्हटलेलं नाही. म्हणतील.

बाकी तुझ्या फ्लॅटचं पझेशन मिळालं का? पोरगी दहावीला ना यंदा, तिला शेंगाचटणी पाठवतो, वहिनींना सांग कडक भाकऱ्या पण आहेत. तुझ्या ब्लोअरचं एक नोझल चिखलात गेलं, नवीन टाकलंय, पैसे मागणार नाही.

सोलापूरला गड्ड्याच्या जत्रेला येतोस ना जानेवारीत? मागं तू सामान घेऊन हुतात्मा एक्स्प्रेसनं गेलास तेव्हा मी आलो नव्हतो सोडायला. ह्या वेळी कुठल्या गाडीनं येतोस ते कळव, स्टेशनवर येतो.

तुझा,
बंड्या