प्रयोगात दुसरा माणूस हवा होता

मा. संपादक,
स.न.वि.वि.

‘निर्णय मेंदू घेतो, आपल्याला नंतर कळते, म्हणजे जाणीव बिनकामाची’ या आशयाचा रविवार पुरवणीतील लेख वाचला. त्याची सारी भिस्त मेंदूशास्त्रज्ञ बेंजामिन लिबेट यांच्या १९८३ च्या प्रयोगावर आहे. हात हलण्याआधी सुमारे ५५० मिलिसेकंद मेंदूत विद्युत हालचाल सुरू होते आणि ‘आता हलवू’ ही ऊर्मी जाणवते ती जेमतेम २०० मिलिसेकंद आधी. आकडे बरोबर आहेत. पण तिथे माणूस एकटा बसून हात हलवत होता. तेवढ्या कामाला जाणीव लागत नसेलही. म्हणून ती कशालाच लागत नाही, हे कुठून काढले?

बहादूर बहरामी, ख्रिस फ्रिथ प्रभृती मेंदूसंशोधकांचा २०१० चा प्रयोग पाहा. माणसे दोन, पडदे दोन. पाठोपाठ दोन चित्रे क्षणभर झळकतात. प्रत्येकात सहा पट्टेदार ठिपके. दोहोंपैकी एका चित्रात एक ठिपका किंचित ठळक. तो पहिल्या चित्रात होता की दुसऱ्या, हे आधी आपापले सांगायचे. मते जुळली नाहीत तर बोलून एकच उत्तर द्यायचे. दोघांची नजर साधारण सारखी असली, की जोडी त्यांच्यातल्या सरस माणसालाही मागे टाकी. बोलणे बंद केले की हा फायदा संपे. बोलण्यातून पोचत होते ते मुख्यतः एवढेच : मला कितपत खात्री आहे. ती आत चाचपून दुसऱ्याला सांगता येणे, हे जाणिवेचे सामाजिक काम.

ते फसतेही. एकाच्या पडद्यावर मुद्दाम धूसरपणा आणला, तर जोडी सरस माणसाच्याही खाली घसरली. कमी दिसणाराही तितक्याच ठामपणे बोलतो, आणि ऐकणारा दोघांना एकाच मापाने मोजतो. निवड समित्यांत हे रोजचेच (तिथे ठाम आवाज बहुधा वरिष्ठांचा असतो). म्हणून चर्चेआधी प्रत्येकाने मत आणि खात्री, शंभरपैकी किती, कागदावर लिहावी.

ओळख परेडीत तर हे फार महागात पडते. मानसशास्त्रज्ञ वेल्स आणि ब्रॅडफिल्ड यांच्या १९९८ च्या प्रयोगात ज्यांनी चुकीच्याच माणसाचा फोटो निवडला होता, त्यांच्यापैकी काहींना ‘छान, संशयित ओळखलात’ एवढेच सांगितले. नंतर विचारल्यावर हेच लोक सांगू लागले, की तेव्हाच पक्की खात्री होती, चेहराही नीट दिसला होता. तेव्हा परेड घेणाऱ्याला संशयित कोण हे ठाऊक नसावे, आणि साक्षीदाराने बोट दाखवताच, कोणी ‘बरं’ म्हणण्याआधी, त्याची खात्री त्याच्याच शब्दांत नोंदवावी. न्यायालयात महिन्यांनी विचारलेली खात्री ही दरम्यान भेटलेल्या साऱ्यांची मिळून झालेली असते.

– एक वाचक, पुणे