गोठ्यातला क्षय कोणाच्या वहीत नोंदवायचा?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

जागतिक क्षयरोग दिनानिमित्त आपण पानभर मजकूर दिला होता. थुंकीची तपासणी, मोफत औषधे, पोषण आहारासाठी महिन्याला मिळणारे १००० रुपये, सगळे नीट समजावून सांगितले होते. मात्र त्या पानभर मजकुरात गाय-म्हैस हा शब्द एकदाही आला नाही. क्षय जनावरांनाही होतो आणि कच्च्या दुधातून तो माणसात येऊ शकतो. मी निवृत्त पशुवैद्यक आहे आणि हा विषय आता माझ्या घरात शिरला आहे, म्हणून लिहितो.

माझी पुतणी अकरावीत शिकते. गेल्या पावसाळ्यात तिच्या मानेवर, कानाच्या खाली सुपारीएवढी गाठ आली. दुखत नव्हती. खोकला नव्हता, फक्त संध्याकाळी अंगात कसर असायची. तालुक्याच्या डॉक्टरांनी तीनदा प्रतिजैविके दिली. छातीचा एक्स-रे स्वच्छ आला. खोकलाच नाही तर थुंकी कुठून तपासणार? असे चार महिने गेले. शेवटी गाठीत सुई घालून काढलेला नमुना सीबीनॅट या, क्षयजंतूचा जनुकीय अंश शोधणाऱ्या, यंत्रावर लावला आणि त्याच दिवशी उत्तर मिळाले : क्षय. आमची आजी याला गंडमाळ म्हणायची. औषधे लगेच सुरू झाली. आशाताई घरी आल्या, 'घरात आणखी कोणी खोकतं का?' असे आपुलकीने विचारून गेल्या. घराला लागून गोठा आहे, त्यातल्या कोणाची विचारपूस झाली नाही.

त्याच गोठ्यात दोन वर्षांपूर्वी एक संकरित गाय होती. वैरण खायची, पण अंगी लागत नव्हती, आणि पहाटे धार काढताना खोकायची. मी तिच्या मानेवरचे केस काढले, कातडीची घडी मोजली, ट्युबरक्युलिन म्हणजे क्षयजंतूंपासून काढलेले चाचणीचे द्रव्य टोचले आणि ७२ तासांनी पुन्हा मोजले. कातडी ४ मिलिमीटरने जाड झाली तरी जनावर बाधित धरतात. इथे ती ११ मिलिमीटरने वाढली होती. भावाने आठवड्याच्या आत गाय बाजार दाखवून विकली. जनावरांच्या संसर्गजन्य रोगांच्या २००९ च्या केंद्रीय कायद्यात गोवंशातील क्षयाचे नाव आहे, त्याची खबर द्यावी लागते, हे मला ठाऊक होते. तरी मी गप्प बसलो. भावाचे दूध संकलन केंद्रावर बंद होईल याची मलाही भीती वाटली. ती गाय कोणाच्या दावणीला गेली, त्या घरात किती लेकरे आहेत, हे आता रात्री-अपरात्री मनात येते.

पुतणीला क्षय त्या गाईपासूनच झाला, असे मी म्हणत नाही. म्हणू शकत नाही, कारण ते तपासलेच गेले नाही. सीबीनॅट काय किंवा आपल्या गोव्यात तयार होणारे ट्रूनॅट काय, ही यंत्रे क्षयजंतूंचे सगळे कूळ एकत्र ओळखतात. जंतू माणसातला की गोवंशातला, हे त्यांच्या अहवालात येत नाही. त्यासाठी जंतू वाढवून पुढची तपासणी करावी लागते, आणि गावाकडच्या रुग्णासाठी ती सहसा कोणी मागवत नाही. हा नुसता अभ्यासकांचा प्रश्न नाही. क्षयाच्या सुरुवातीच्या चार औषधांपैकी पायराझिनामाइड हे औषध गोवंशाच्या जंतूवर मुळातच चालत नाही. जंतू कोणता हे डॉक्टरांना कळले, तर औषधांचा आणि मुदतीचा विचार वेगळा होऊ शकतो. शिवाय संसर्गाची वाट उलटीही असते. क्षय झालेला माणूस रोज गोठ्यात वावरला तर जनावराला लागण होऊ शकते. पाळीव हत्तींना माणसांकडून क्षय झाल्याची उदाहरणे भारतात आहेत.

याबाबत मोठमोठ्यांचीही चूक झालेली आहे. १८८२ मध्ये क्षयाचा जंतू शोधणाऱ्या रॉबर्ट कॉख यांनी १९०१ मध्ये लंडनच्या परिषदेत सांगितले की, गाईच्या क्षयापासून माणसाला फारसा धोका नाही. ब्रिटनने आयोग नेमला, दहा वर्षे प्रयोग झाले आणि ते म्हणणे खोटे ठरले. आपल्या बाळांना टोचतात ती बीसीजी लससुद्धा गोवंशाच्याच जंतूपासून, त्याला १३ वर्षे प्रयोगशाळेत वाढवून निर्बळ करून बनवलेली आहे. माणसाच्या हातावर करतात ती मांटू चाचणी आणि गाईच्या मानेवर मी करत असे ती चाचणी, दोन्हींचे मूळ कॉख यांच्या ट्युबरक्युलिनमध्येच आहे. एकाच मुळाच्या द्रव्याने दोघांना तपासायचे आणि दोघांचे कागद मात्र एकमेकांना कधी भेटू द्यायचे नाहीत, हे मला पटत नाही.

जनावरातले निदान सोपे नाही, हेही सांगितले पाहिजे. नुकत्याच व्यालेल्या गाईत किंवा रोग फार पुढे गेलेल्या जनावरात चाचणी फसते, सूज येतच नाही. उलट मातीतल्या निरुपद्रवी जंतूंमुळे खोटी सूजही येते. म्हणून शंका असेल तिथे पक्ष्यांच्या जंतूचे ट्युबरक्युलिनही शेजारी टोचून दोन्ही सुजांची तुलना करावी लागते. अमेरिका-ब्रिटनमध्ये बाधित जनावर मारून कळप स्वच्छ करण्याच्या मोहिमा झाल्या. आपल्याकडे ते होणार नाही आणि छोट्या शेतकऱ्याला ते परवडणारही नाही. पण बाधित गाय वेगळी बांधणे, तिचे वासरू दुसऱ्या दुधावर वाढवणे, ती विकू न देणे आणि त्या बदल्यात शेतकऱ्याला काही भरपाई देणे एवढे तरी करता येईल. भरपाईचा भरवसा नसेल तर माझ्या भावाने केले तेच प्रत्येक जण करील. त्याच्या डोक्यावर सोसायटीचे कर्ज होते.

दुधाविषयी दोन शब्द. दूध उकळले की हा जंतू मरतो, आणि उकळण्याची आपली सवय हीच आजवर मोठी ढाल ठरली आहे. पण आमच्या घरात पोरांना पहाटे धारोष्ण दूध पाजण्याचे कौतुक होते. पुतणीही चरवीजवळ पेला घेऊन उभी राहायची. आता शहरातही कच्चे दूध 'नैसर्गिक' म्हणून महागात विकले जाते. सुशिक्षित आई-वडील ते मुलांना न उकळता देतात, हे ऐकून काळजाला घोर लागतो.

माझे मागणे मोठे नाही. क्षयाचा रुग्ण सापडला की त्याच्या कागदावर आणखी दोन प्रश्न असावेत : घरी जनावरे आहेत का, आणि कच्चे दूध पिता का? उत्तर 'हो' असेल तर पशुवैद्यकीय दवाखान्याला चिठ्ठी जावी. गोठ्यात बाधित जनावर सापडले तर तशीच चिठ्ठी प्राथमिक आरोग्य केंद्राकडे जावी आणि त्या घरातल्या माणसांची तपासणी व्हावी. मानेची, पोटाची गाठ घेऊन येणाऱ्या गोठ्यातल्या माणसाचा नमुना खोकल्याची वाट न पाहता तपासावा. आमच्या तालुक्यात ही दोन्ही कार्यालये एकाच आवारात आहेत, मधे फक्त एक चिंचेचे झाड आहे. पुढच्या वेळी क्षयरोगावर पान काढाल तेव्हा जिल्ह्याच्या दोन्ही अधिकाऱ्यांना हे एकत्र बसवून विचारावे, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त पशुवैद्यक, जि. सांगली