आई, गोळी मनाने बंद करू नकोस

तीर्थरूप आई-बाबांना,
साष्टांग नमस्कार.

बाबा बोलता बोलता सांगून गेले की आईने हाडांची गोळी सोडून दिली, छातीत जळजळतं म्हणून. आई, मला चकार शब्दाने बोलली नाहीस! फोनवर तू विषय बदलतेस, म्हणून लिहिते आहे. बाबा, हे तिला वाचून दाखवा.

तुझी अलेन्ड्रोनेटची गोळी आठवड्यातून एकदाच, ७० मिलिग्रॅमची, पण तिचे नखरे फार. अन्ननलिकेत रेंगाळली तर तिथेच आग करते. म्हणून सकाळी उठल्यावर अनशापोटी, भरल्या ग्लासभर साध्या पाण्याबरोबर घ्यायची आणि पुढचा निदान अर्धा तास चहा नाही, दुसरी गोळी नाही, आडवं होणं तर मुळीच नाही. तू गोळी घेऊन परत पांघरुणात शिरतेस, नाही म्हणू नकोस. जळजळ त्यानेही होत असेल. कॅल्शियमची गोळी दुपारी जेवणानंतर घे. दोन्ही एकदम घेतल्या तर हे औषध अंगी लागत नाही.

"दुखत नाही तर औषध कशाला?" अगं, हाड झिजताना दुखत नाही, मोडल्यावरच कळतं. जुनं हाड खरवडून काढणाऱ्या पेशींवर इस्ट्रोजेन या स्त्री-हार्मोनचा वचक असतो. पाळी गेली की तो सुटतो आणि नवीन भरण्यापेक्षा खरवडणं जास्त होतं. ही गोळी त्या पेशींना आवरते. नुसत्या कॅल्शियमने ते होत नाही. तुझ्या डेक्सा तपासणीत, म्हणजे हाडांची घनता मोजतात त्यात, टी-स्कोअर (तरुण निरोगी हाडांशी तुलना केलेला आकडा) उणे २.८ आला होता, आणि उणे २.५ पासून खाली ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडं ठिसूळ होण्याचा आजार, धरतात.

गोळी नाहीच सोसली तर डॉक्टरांना तसं स्पष्ट सांग. झोलेड्रोनिक अॅसिड वर्षातून एकदा सलाइनसारखं शिरेतून देतात, त्यात अन्ननलिकेचा प्रश्नच नाही. आधी किडनीची तपासणी करतात, आणि पहिल्या वेळी दोन-तीन दिवस ताप, अंगदुखी होऊ शकते. दुसरं डेनोसुमॅब, दर ६ महिन्यांनी त्वचेखाली इंजेक्शन. मला धास्ती आहे ती याचीच. अलेन्ड्रोनेट हाडात मुरून राहतं, त्यामुळे मधे थोडा खंड पडला तरी लगेच आकाश कोसळत नाही. डेनोसुमॅबचं तसं नाही. तारीख लांबली की दबलेली झीज उसळून येते आणि पाठीचे मणके एकापाठोपाठ एक मोडू शकतात. हे इंजेक्शन थांबवायचं झालं तर त्याच्या जागी दुसरं औषध द्यावं लागतं. तुझा हा मनाने सोडायचा स्वभाव पाहता, ते घेणार असशील तर तारखा बाबांनी सांभाळायच्या.

जबड्याचं हाड खराब होतं हे कुणीतरी तुझ्या डोक्यात भरवलंय. होतं, पण या डोसला फार क्वचित. दाढ काढायची असेल तर आधी उरकून घे आणि दातांच्या डॉक्टरांना औषधाचं नाव सांग. मांडीत किंवा जांघेत दुखायला लागलं तर मात्र अंगावर काढू नकोस.

बाबा, या आठवड्यातच डॉक्टरांची वेळ घ्या आणि मला कळवा. जुना डेक्सा रिपोर्ट बरोबर न्या, आणि गोळी कधीपासून बंद आहे ते खरं खरं सांगा. आई दोन दिवस म्हणेल, तुम्ही मधे बोला.

तुमची लेक