रोबोटच्या गोदामाला सवलत देताना आमच्या मालाची यादी मागवा

प्रति,
माननीय उद्योगमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

विषय : ऑनलाइन किराण्याच्या स्वयंचलित गोदामांना द्यायच्या सवलती

महोदय,
स. न. वि. वि.

धुळ्यात माझं घाऊक किराण्याचं दुकान आहे. तूरडाळ जळगावच्या मिलमधून येते, लाल मिरची नंदुरबारच्या मिरची वाळवायच्या पथारीवरून आणि पुड्यांचा माल कंपन्यांच्या डेपोतून. ऑनलाइनवाल्यांनी आमचं बरंच गिऱ्हाईक नेलं, पण ते गाऱ्हाणं इथे मांडत नाही. सोय दिसेल तिकडे गिऱ्हाईक जाणारच. मला बोलायचंय ते आपल्या खात्याच्या एका हिशेबाबद्दल.

राज्याने 2024 मध्ये लॉजिस्टिक धोरण मंजूर केलं, त्यात सुमारे 5 लाख रोजगारांची अपेक्षा धरली. मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन्ही महामार्ग धुळ्यात एकमेकांना छेदतात, नरडाण्याला एमआयडीसी आहे, मनमाड-इंदूर रेल्वेमार्गालाही त्याच वर्षी केंद्राची मंजुरी मिळाली. म्हणजे आज ना उद्या कुणी तरी रोबोटच्या किराणा गोदामाचा प्रस्ताव घेऊन आपल्या दालनात येईल. ही काही परदेशातलीच गोष्ट राहिलेली नाही. गोदामांसाठी रोबोट बनवणाऱ्या नोएडाच्या ॲडव्हर्ब कंपनीत रिलायन्सने 2022 मध्ये निम्म्याहून जास्त हिस्सा घेतला.

आता हिशेब. आपल्याकडे उद्योगाला मिळणारं प्रोत्साहन मुख्यतः स्थिर भांडवली गुंतवणुकीवर ठरतं : जमीन, इमारत, यंत्रं. रोबोट त्यात पूर्ण किमतीने धरला जाईल. हमाल, रॅकवरून ऑर्डरीचा माल काढणारे पिकर, पॅकिंगला बसणाऱ्या बाया यांचा त्या रकान्यात पत्ताच नाही. माणसं जितकी कमी, तितकी सवलत जास्त, असं उफराटं गणित यातून होऊ शकतं.

मी यंत्राच्या विरोधात नाही. माझा भाचा भिवंडीच्या एका गोदामात पिकर आहे. हातात स्कॅनर घ्यायचा, रॅकच्या गल्ल्यांतून दिवसभर चालायचं, टार्गेट गाठायचं. दिवाळीला आला तेव्हा म्हणाला, "मामा, काम चांगलं शे, पन पाय भलता दुखतस." हे चालणं रोबोट वाचवतो. ब्रिटनमधल्या ओकाडो या ऑनलाइन किराणा कंपनीच्या गोदामात प्लास्टिकचे क्रेट एकावर एक रचलेले असतात, वर रुळांची जाळी असते, आणि तिच्यावर वॉशिंग मशीनएवढे रोबोट धावतात. हवा तो क्रेट वर ओढून माणसाच्या पुढ्यात आणून देतात. 50 वस्तूंची ऑर्डर काही मिनिटांत भरून होते. पोराचे पाय वाचत असतील तर मला आनंदच आहे.

पण त्या क्रेटमध्ये जातं काय? ठरावीक मापाचं, बारकोड असलेलं, पुडीबंद. बिस्किटं, साबण, तेलाचे डबे. आमची डाळ मिलमधून कट्ट्यात निघते आणि दुकानात सुटी विकली जाते. असोदा-बामणोदची भरताची वांगी एकेक वेगळ्या आकाराची, सालीला जरा दाब लागला की डाग. यंत्राच्या हाताला अशा वस्तू उचलणं अजून जड जातं. ओकाडोतही कितीतरी वस्तू माणसंच उचलून पिशवीत भरतात. रावेर-सावद्याच्या केळीचं तर वेगळंच. तिला 13-14 अंशांचा थंडावा लागतो, त्याखाली गेलं की साल काळी पडते, आणि पिकवायला इथिलीन वायूची सोय असलेली बंद खोली, म्हणजे रायपनिंग चेंबर लागतं. हे सगळं गोदामाच्या दाराबाहेर, आधीच व्हायला हवं. ते झालं नाही, तर नरडाण्याच्या गोदामात बाहेरचा माल येईल, बाहेरच्याच शहरांत जाईल आणि खानदेशाच्या वाट्याला जमीन आणि वॉचमनची नोकरी उरेल. 2016 मध्ये जळगावच्या केळीला आणि भरताच्या वांग्याला भौगोलिक मानांकन मिळालं. तो कागद क्रेटमध्ये शिरायला कामाचा नाही.

जाता जाता एक आठवण देतो. विप्रो कंपनीचा जन्म 1945 मध्ये अमळनेरला झाला, वनस्पती तुपाच्या कारखान्यातून. शेंगदाणा इथे पिकत होता म्हणून कारखाना इथे आला. माल आधी, यंत्र मागून.

शिवाय हे यंत्र सगळीकडे परवडतंच असं नाही. अमेरिकेतल्या क्रोगर या मोठ्या किराणा साखळीने 2018 मध्ये अशा रोबोट गोदामांसाठी ओकाडोशी करार केला, 20 गोदामांचा बेत होता. नोव्हेंबर 2025 मध्ये उभ्या राहिलेल्या गोदामांपैकी तीन बंद करत असल्याचं तिने जाहीर केलं. एवढा खर्च भरून निघायला जवळच्या जवळ रोज ऑर्डरींचा ढीग लागतो. तो पुण्या-मुंबईत मिळेल. धुळे, शिरपूर, शहादा मिळून किती मिळेल, हे प्रस्तावाबरोबर आलेल्या रंगीत पुस्तिकेला विचारू नका, इथल्या एखाद्या कुरियरवाल्याला विचारा.

आगीचंही बघावं लागेल. ओकाडोचं अँडोव्हरचं गोदाम फेब्रुवारी 2019 मध्ये जळालं. रोबोटच्या चार्जिंगच्या जागी बिघाड झाला होता, आणि विझवायला शेकडो जवान लागले. 2021 मध्ये लंडनमधल्या एरिथला तीन रोबोट एकमेकांवर आदळून पुन्हा आग लागली. आमच्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या आसपास असतो. नरडाण्याला तेवढ्या ताकदीचं अग्निशमन केंद्र आधी उभं करा.

म्हणून विनंती अशी. सवलत द्यायचीच तर गुंतवणुकीच्या आकड्याबरोबर मालाची यादी मागवा. धुळे, जळगाव, नंदुरबार या तीन जिल्ह्यांतला किती माल त्या गोदामातून जाणार, दरवर्षी किती, आणि तो पुरवणारे शेतकरी गट आणि मिलवाले कोण, हे करारात लिहून घ्या. सवलतीची रक्कम त्यावर आणि नोंदणी झालेल्या कामगारांवर बांधा. आणि त्यातला काही भाग जळगावच्या डाळमिलवाल्यांसाठी सामायिक पॅकिंग केंद्र, सावद्याला पिकवणीची जास्त सोय, नंदुरबारला मिरचीची प्रतवारी याकडे वळवा. बारकोड लावायला लहान मिलवाल्याला मदत मिळाली तर त्याचा माल ओकाडोसारख्या क्रेटमध्येही जाईल आणि माझ्या दुकानातही येईल.

राहिला माथाडी कामगारांचा प्रश्न. 1969 च्या कायद्याने हमालांना मंडळ मिळालं; मजुरीवर मालकाने भरायच्या लेव्हीतून त्यांचा भविष्यनिर्वाह निधी, बोनस, औषधपाणी चालतं. रोबोटला मजुरी नाही, म्हणून लेव्हीही नाही. पण आत कितीही रोबोट पळोत, ट्रकमधून गोण्या उतरवायला बाहेर माणसंच उभी राहतील. ती ठेकेदाराच्या वहीत न राहता मंडळाच्या नोंदीत असावीत. सवलतीचा पहिला हप्ता देण्याआधी ती नोंद आपल्या खात्याने कामगार खात्याकडून लेखी मागवावी.

आपला,
धुळ्याचा एक घाऊक किराणा व्यापारी